बाभळीचा ठोकळा

कॉलबॉयचं काम म्हणजे दारं ठोठावणं.
पूर्णा जंक्शन, रात्रीचे अडीच,
एका हातात कंदील, काखेत सहीचं रजिस्टर,
"डायवर साब, अकोला पॅसेंजर, साडेतीन."
मी धुराजी. वय सोळा, कागदावर अठरा.

फॅलनच्या क्वार्टरला कडी वाजवावी लागायची नाही.
म्हातारा घोरत असायचा, पण त्याचा डेन्झिल जागा,
दिव्याला टॉवेल गुंडाळून
प्लेअरपुढं उकिडवा बसलेला.
त्याचा मावसभाऊ जहाजावर होता,
त्यानं तीन सुट्या तबकड्या धाडल्या होत्या,
पाळूच्या ताटलीएवढ्या,
आणि मधे हे भलंमोठं भोक.
आपल्या प्लेअरला तर बारीक खिळा.
चार दिवस तो नुसता त्यांचा वास घेत बसला.

मग मी शेडमधल्या गफूरमियाँकडे गेलो.
त्यांनी मोडक्या बैलगाडीच्या तुंब्याचा तुकडा
लेथवर धरला, गोल केला, मधे छेद पाडला,
आणि चष्मा घरी राहिला होता म्हणून
छेद अर्धं सूत सरकला.
"चलता है बेटा," म्हणाले.

चाललं.
पंचेचाळीस फेऱ्यांवर तो माणूस गायला लागला
आणि प्रत्येक फेऱ्यात त्याचा आवाज
जरासा खाली बुडून वर यायचा,
गोदावरीतल्या काहिलीसारखा.
मागं ढोल होता. दुसऱ्या ठोक्यावर मार, चौथ्यावर मार.
मी म्हणालो, अरे ही तर आमच्या सटवाजीमामाची हलगी!
डेन्झिलनं मान हलवली. त्याला मामा माहीत नव्हता,
मला इंग्रजी.
तीन तबकड्या, सहा बाजू, सहा गाणी.
मेव्हिस, त्याची बहीण, अनवाणी नाचायची
शहाबादी फरशीवर, म्हातारा उठू नये म्हणून.
तिचे पायसुद्धा त्या बुडण्यावर बुडायचे.

वर्षानं मोठी तबकडी आली.
पुठ्ठ्यावर तोच माणूस, केस तेलानं चोपडलेले,
बारा गाणी, त्यात आपली सहा.
हिचं भोक बारीक. ठोकळा लागला नाही.
सुई ठेवली.
पहिलंच गाणं ओळखीचं,
आणि आवाज सरळ.
रुळासारखा सरळ, चुडावा ते लिंबगाव.
आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.
मेव्हिस दोन पावलं नाचली आणि थांबली.
"बिघडवलं," डेन्झिल म्हणाला, "पैसा आला की बिघडवतात."

उरलेली सहा गाणी कधी सुटी निघालीच नव्हती.
ती मला आवडली, बिचारी,
दुसऱ्या बाजूचं चौथं तर फारच,
त्यात तो शेवटी खोकतो आणि कुणीतरी हसतं.
डेन्झिल तिथवर सुई जाऊच द्यायचा नाही.
पुन्हा ठोकळा, पुन्हा सुट्या,
पुन्हा ते बुडून वर येणं.

बासष्टला फॅलन मंडळी पर्थला निघाली.
ट्रंका मीच गाडीत चढवल्या.
त्या दिवशी ठोकळा माझ्या खिशात होता, खरं सांगतो,
मुद्दाम की विसरून, ते आता विचारू नका.

दोन वर्षांनी पत्र आलं,
पोस्टमास्तरांनी वाचून दाखवलं:
इथं ठोकळे विकत मिळतात, प्लॅस्टिकचे,
पिवळे, दहाचं पाकीट.
सगळ्यांवर तो सरळच गातो.
मेव्हिसचं लग्न झालं. ती नाचत नाही.
धुराजी, आपला पाठवशील का?

म्हणजे तोवर त्यालाही कळलं होतं.
तो बुडणारा आवाज कुणा परदेशी गळ्याचा नव्हता,
परभणी जिल्ह्यातल्या बाभळीचा होता,
आणि एका विसरलेल्या चष्म्याचा.

मी नाही पाठवला.
लेथवर दुसरा करून धाडू म्हटलं,
पण गफूरमियाँ रिटायर होऊन बसमतला गेले होते,
आणि नवा टर्नर फार हुशार,
त्याचा छेद दर वेळी बरोब्बर मधे पडायचा.