हात लावू नये

काइनूत नोव्हेंबरचे तीन वाजले की रात्रच म्हणायची.
नदीकाठच्या बंद पडलेल्या कागद गिरणीत
आता आकडे दळतात,
आणि मी त्या जात्याचे खुंटे सांभाळते.

खुंटे म्हणजे लायब्ररी. पुस्तकांची नव्हे.
(आईला हे एकवीस वर्षांत नऊदा सांगून झालं.
ती अजून शेजारणीला सांगते, राइया वाचनालयात आहे.)
बारक्या फाइली असतात. वर्गमूळ कसं काढायचं,
वेळ कोणाला विचारायची, काम संपल्यावर दार कसं लावायचं,
हे प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने शिकत नाही,
शेजारून उसनं आणतो.

उसनवारी म्हटली की भाऊबंदकी आलीच.
जीवशास्त्रवाल्यांना जुनी आवृत्ती हवी,
हवामानवाल्यांना कालची,
आणि औलूचा एक पोरगा आपली स्वतःची घेऊन येतो,
सगळ्यांच्या वाटेवर मांडतो,
मग सतरा जणांची गणितं एका रात्रीत आडवी.
आमच्या इमारतीच्या सामाईक साउनात पाटी आहे:
शेगडी सगळ्यांची, पंचा ज्याचा त्याने आणावा.
मी तीच पाटी इथे लावू बघते.
खालच्या यंत्राकडून वीज घ्या, गाभा घ्या,
मीठ-पीठ आपल्या पिशवीतलं.

गुरुवारी खालची सिस्टिम बदलायची आहे.
सोमवारी मला ती फाइल सापडली.
पंधरा वर्षांपूर्वीची, सगळ्यांच्या वाटेत पहिल्याच वळणावर,
नाव नेहमीचं, आत भलतंच.
शेजारी एका ओळीची चिठ्ठी:
हात लावू नये. ओ. तो.

ओइवा तोलोनेन. निवृत्त होताना
त्याने किल्ल्या दिल्या, कॉफीचा मग दिला,
हे नाही सांगितलं.

मी चाचणीच्या यंत्रावरून ती काढली.
सहाशे ब्याण्णव प्रोग्रॅमना पत्ताही लागला नाही.
एकाला लागला.
हेल्वी हुओतारीचं तळ्याच्या बर्फाचं गणित:
काल म्हणत होतं, बर्फ अकरा मेला फुटेल;
आज म्हणालं, नऊ.
दशांशाच्या सोळाव्या घरातली
एक किरकिर, वाढत वाढत
दोन दिवस.

ओइवाला फोन केला. पलीकडे वारा;
पहिल्याच बर्फाला भोक पाडून तो गळ टाकून बसला होता.
कोणता आकडा खरा, विचारलं.
बराच वेळ काही नाही. मग,
"नवीनच बरोबर असणार. जुन्या यंत्राचं सूत्र
मी तसंच उचलून आणलं होतं, जरा लंगडंच आहे.
पण हेल्वीचे एकतीस हिवाळे त्याच काठीने मोजलेले.
मधेच काठी बदलली तर
फरक तळ्यात पडला की काठीत, कोण सांगणार?"
मग म्हणाला, "थांब, ओढतंय," आणि फोन खिशात गेला,
चालूच राहिला.
मी चार मिनिटं बर्फाचा आवाज ऐकला.

हेल्वीला जाऊन सहा वर्षं झाली.
तिचा विद्यार्थी दर शनिवारी ते गणित चालवतो.
त्याला ओइवा माहीत नाही, काठी माहीत नाही.

मी फाइल पुसली नाही. जागेवरही ठेवली नाही.
हेल्वीच्या प्रोग्रॅमच्या अगदी कुशीत एक फोल्डर केलं
आणि पत्ता प्रोग्रॅमच्याच पोटात कोरला:
आधी इथे बघ, मग गावात.
बाकीच्यांची वाट मोकळी.

चिठ्ठी लिहिण्यात मात्र पावणेसात वाजले.
साउनातली माझी सहाची पाळी हुकली.
कोण, कधी, कशासाठी, कुठला दशांश,
ओइवाचा नंबर, तो नसल्यास माझा,
मी नसल्यास
(इथे कर्सर बराच वेळ लुकलुकला)
काढायची तर काढा.
पण आधी नऊ मेला तळ्यावर जाऊन या.
अकराला पुन्हा.
बूट उंच घाला.