टेक्की

नगरपरिषदेच्या शाळेमागं, शहाबादी फरशीवर
संध्याकाळी सहाला आम्ही अनवाणी.

सुलक्षणा लहानेला उन्सू लागतो.
त्यातली उडी. हवेत अख्खी फिरून
ती पालथी पडते, आणि गुडघा सोलला तरी हसते.
रोलिंग मिलमधला अयाज कांकू दाई करतो:
सुरुवातीलाच दोन्ही तळवे वर, त्यांच्या फटीत आभाळ.
दिवसभर वेल्डिंगच्या काळ्या काचेतून बघतो,
तेवढंच उघडं मिळतं म्हणे.

मी टेक्की.
मुजीब सर वैतागतात, "कामून तेच ते, मॅडम?
त्याला मेडल नाही भेटत."

खरंच, त्यात काहीच नाही.
उडी नाही, पुढं जाणं नाही,
मागं हटणंही नाही.
घोड्यावर बसल्यागत बसायचं
आणि एका रेषेत आडवं सरकायचं.

सरांना सांगितलं नाही.
जुन्या जालन्यात माझं मेडिकल,
काउंटर आणि कपाटाच्या मधे अडीच फूट.
एकोणीस वर्षं मी आडवीच चालतेय.
बीपीच्या गोळ्या उजवीकडं, खोकल्याच्या बाटल्या डावीकडं,
समोर उधारीवाले, पिऊन आलेले,
"मालक कुठं गेले?" विचारणारे.

परवा रात्री लाइट गेली.
शटर अर्धं ओढलं, चप्पल काढली.
डावा पाय उजव्यावरून.
कोपर फिरवलं
एक बाटली हलली नाही.

शटरखाली दोन पाय थांबले.
"तापाची गोळी आहे का?"
"आहे," म्हटलं,
बैठक न मोडता,
आणि उजवीकडं सरकले.