कामकाजातून वगळलेलं

पर्वरीला, विधानसभेत, मी शब्द टिपते.
आज वीजदरावर चार तास.
या बाकावरून : महागाई बाहेरून येते.
त्या बाकावरून : बाहेरून कसली,
तुमच्या महोत्सवांच्या रोषणाईतून येते!
मी कंसात लिहिते, गदारोळ.
थोड्या वेळाने, हशा.
एसी इतका की जुलैतही शाल लागते.

बेतीला घरी शाणू
बर्फाच्या कारखान्याची वही उघडून बसलेला.
लादीमागे अकरा रुपये वाढवले
तर एस्पेरांसा अर्धीच लादी नेते,
अन् दुपारच्या आत बांगडे फुंकून टाकते
मिळेल त्या भावाला.
नाही वाढवले, तर कॉम्प्रेसर रात्रभर
आमचेच पैसे गोठवत बसतो.
"काय ठरलं तुमच्याकडे?"
सोमवारी पुढे चालू, मी म्हणते.

तो वही मिटतो, पंखा बंद करतो.
काळोखात एकच शब्द उच्चारतो,
अस्सल कोंकणी, खारट,
दोन्ही बाकांना पुरेल असा.
असले शब्द सभापती
कामकाजातून काढून टाकायला लावतात.

सवयीने माझी बोटं
चादरीवर हलली.