चतुःसीमा

किंचाओ बेटावर आता कुणीच बेघर नाही.
घर मागितलं की नऊ दिवसांत उभं राहतं,
भिंती आपल्या आपण वाळतात.
भाडं हा शब्द शाळेत इतिहासाच्या तासाला येतो,
मुलं तो म्हणताना हसतात.

मी वाटप कचेरीत बसतो. काम फारसं नसतं.
घरं अमाप आहेत,
पण उतारावरची ती जागा एकच,
जिथून भरती आधी दिसते, मग ऐकू येते.
यंत्राला दुसरी काढता आली नाही.
त्यानं करून पाहिली म्हणे:
तीच माती, तोच उतार, बेटाच्या पलीकडच्या अंगाला, हुबेहूब.
लोक जाऊन बघून आले, छान आहे म्हणाले,
आणि अर्ज पुन्हा इथलाच भरला.

नियम असा की जमीन कुणाचीच नाही.
वीस वर्षं वापरायची, मग चिठ्ठी टाकायची.
यंदा चिठ्ठी निघाली एदुविना मियालोंकोची.
वय एकतीस, जन्मापासून तरंगत्या घरात.
कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं:
पोटातलं मूल एकदा न हलणाऱ्या जमिनीवर ठेवून बघायचंय.

आणि जागा सोडायची होती एलिसेओ चिग्वाय यांना,
वय अठ्ठ्याऐंशी.
आक्षेपाच्या कागदावर त्यांनी कारण दिलंच नाही.
जुन्या दस्तात असायची तशी चतुःसीमा लिहिली:

पूर्वेस खाडी, आणि तिच्यातून न परतलेला माझा भाऊ.
दक्षिणेस बटाट्याचे अकरा वाफे, साल जांभळी, आत पांढरं.
पश्चिमेस शेजारीण, बोलत नाही, पण तिचा धूर दिसतो.
उत्तरेस वारा. त्याच्याशी वाद आहे, मिटवायचा नाही.

यंत्रानं विचारलं, हे माप कोणत्या एककात?
मी म्हटलं, माप नाही हे, हद्द आहे.

सुनावणीला दोघं समोरासमोर बसली.
एदुविनानं कागद वाचला, परत वाचला,
घडी घालून टेबलावर ठेवला.
मला वाटलं, आता ही माघार घेणार.
ती म्हणाली, मला जागा हवीच आहे.
म्हातारा एवढ्या मोठ्यानं हसला
की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.
हवीच आहे! अरे, हे असं कुणी म्हटलेलं
किती वर्षांनी ऐकतोय मी!
मग सही केली. अट एकच घातली:
माझं घर रात्रीत विरघळवायचं नाही,
ओढून न्यायचं.

फेब्रुवारीत, इकडे उन्हाळा असतो तेव्हा,
बेटावर उरलेल्या बैलांच्या दोन्ही जोड्या आल्या.
एरवी त्यांना काम नसतं, आम्हालाही नसतं.
घराखाली ओंडके सारले, दोर बांधले,
पश्चिमेची शेजारीणही आली, न बोलता दोराला लागली.
लाकडी खवले खडखडले, खिडकीत मांजर बसूनच राहिलं,
आणि एक अख्खं घर
चढावर, ऐंशी पावलं, दुपारपर्यंत.
माझ्या तळव्यांना फोड आले.
यंत्रानं विचारलं, उपकरण का नाही मागवलं?
मी लिहिलं: नोंद नको.

मागे गवतात एक फिकट चौकोन राहिला,
ओला, किड्यांनी भरलेला.

नव्या जागेवरून भरती दिसत नाही, नुसती ऐकू येते.
ही फसवणूक आहे, एलिसेओ रोज येऊन मला सांगतात,
मी रोज लिहून घेतो.

एदुविनाचा उतारा करायला परवा गेलो.
चतुःसीमा तूच सांग, म्हटलं.
पूर्वेस खाडी, ती म्हणाली,
आणि ज्याला मी ओळखत नाही असा कुणाचा तरी भाऊ.
दक्षिणेस बटाटे, माझे नाहीत, पण खणायला मीच.
पश्चिमेस एक म्हातारा, फार बोलतो.
उत्तरेस...
तिनं दार उघडलं, पोटावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.
राहू दे, म्हणाली. अजून आमची ओळख नाही.

तो रकाना रिकामाच आहे.
अर्ज अपूर्ण, असं यंत्र रोज सकाळी सांगतं.
हो, म्हणतो मी, आणि खिडकी उघडतो.