वीस किलोखाली

सावद्याच्या बायपासला आमचा काटा.
पन्नास टनी. पत्र्याची केबिन, वाळ्याचा कूलर,
आणि खिडकीत मी, लीलाधर वामन भिरूड,
गेली अकरा वर्षं.
केळीची गाडी आधी रिकामी चढते, मग भरलेली.
मधल्या वजाबाकीवर
किती घरांच्या चुली पेटतात ते
पावतीवर छापलेलं नसतं.

चैत्रात नेहेतेशेठ आले, टेबलावर चावी वाजवत.
"लीलाधर, दर गाडीमागं तीस किलो खाली लिहायचे.
कोनाले कयनार हाये?"
मी गप्प. मग आवाज उतरवून म्हणाले,
"बाप गेला तवा तुले या खुर्चीवर कोनी बसवलं?"

खोटं नव्हतं ते.
तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी
त्यांनीच केबिनची किल्ली हातात ठेवली,
पहिला पगार आगाऊ.
ते मी विसरलो नव्हतो,
म्हणून दोन दिवस खाली लिहीत राहिलो.
सतरा गाड्या.
फेडतोय असंच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी खिडकीशी रमजान तडवी.
कापणीच्या टोळीतला, पालकडचा.
"भाऊ, पाय कसा हाये?"

चार वर्षांपूर्वी पालच्या घाटात
मोटरसायकल घसरली, मांडीचं हाड मोडलं.
थांबत कुणी नव्हतं. हा रस्त्यात आडवा उभा राहिला.
टेम्पोत केळीची ओली पानं अंथरली,
फैजपूरच्या दवाखान्यापर्यंत माझं डोकं मांडीवर.
'सोबत आलेले' या रकान्यात अंगठा उठवून
निघून गेला. त्या दिवसाची मजुरी बुडाली
हे मला वर्षभरानं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.
तेव्हापासून गाडी आली की एवढंच विचारतो.
मी पावती फाडता फाडता म्हणतो, बराय.

आज त्याच्या खांद्यावर एक घड होता.
"पोरांसाठी. घरी पिकव."

गाडी उतरून गेली. काटा मोकळा.
कशासाठी कोण जाणे, मी तो घड उचलून
एवढ्या मोठ्या लोखंडी पाटावर
मधोमध ठेवला, आत येऊन आकडा पाहिला.
शून्य.

वीस किलोखालचं काही
आमचा काटा धरतच नाही.

मग हिशेब करत बसलो.
टोळीची मजुरी क्विंटलवर. माणसं आठ.
तीस किलो म्हणजे रमजानच्या वाट्याचा
गाडीमागं दीड रुपया.
वीस किलोखालचंच तेही.

शेठचा उपकार लाल आकड्यांत दिसतो,
लांबून, अंधारातही.
पण भुसावळचा तो मिस्तरी,
दिवाळीच्या रात्री काटा दुरुस्त करून
नुसता चहा पिऊन गेलेला?
आणि बापाच्या तिरडीला बांबू कुणी आणले,
मला अजून माहीत नाही.
विचारलंही नाही कधी.

रात्री सतरा दुरुस्ती पावत्या लिहिल्या.
पाचशे दहा किलो.
अक्षर थरथरलं दोन ठिकाणी, खोडलं नाही.
कार्बन प्रती घेऊन शेठच्या घरी गेलो.
ते जेवत होते, ताटात शेवभाजी.
म्हटलं, "शेठ, खुर्ची तुमचीच,
अकरा वर्षं तिच्यावर जेवलोय.
म्हणूनच या काट्याला तुमचं नाव आहे तोवर
हे माझ्याकडून होणार नाही."
किल्ली पाटाशेजारी ठेवली.
त्यांनी ती घेतली नाही, परतही दिली नाही.
वहिनींनी मला पाणी दिलं. ते प्यालो.

सकाळी गेलो तर केबिन उघडी होती.
कुणी उघडली, का उघडली, विचारलं नाही.
महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत,
तेव्हा कळेल.

घड पिकायला लागलाय. घरभर वास.

रमजानची गाडी आली साडेदहाला.
"भाऊ, पाय कसा हाये?"
पेन खाली ठेवलं, खिडकीतून पुरता वाकलो,
आणि चार वर्षांत पहिल्यांदा
खरं ते सांगितलं:
चढावर अजून दुखतो.