गेलेली ओळ

स्वीनोय बेटावर वारा सुटला की इंटरनेट जातं.
आणि वारा इथे सुटलेलाच असतो.

सुन्वा ब्राउझरमध्ये एक ओळ शोधते आहे:
ऑफलाइन काम करा.
काल होती. परवा तर नक्कीच होती.
नव्या आवृत्तीनं वरची पट्टीच गिळली.

अगं, ऑल्ट दाबून बघ, हानुस म्हणतो,
जाळं विणता विणता, मान वर न करता.
दाबते. बिळातून पफिननं डोकवावं
तशी पट्टी डोकावते:
नवी खिडकी. छापा. बाहेर पडा.

बाहेर पडायची सोय आहे,
बाहेर राहायची नाही.

सेटिंग्ज झाली, मदत झाली.
मदतीला इंटरनेट लागतं.

उघड्या पानावर बहिणीचा स्वेटरचा नमुना.
बहीण मार्चमध्ये गेली. तिची साइट
या महिनाअखेर बंद होईल.

हानुस उठतो, भिंतीतली वायर उपटतो.
झालीस ऑफलाइन.

पान जागचं हलत नाही.

तरी सुन्वा पुन्हा लोड करायच्या गोल बाणावर
बोटाची जखम बांधायची पट्टी चिकटवते,
थेट काचेवर,
आणि पेन्सिलनं उतरवू लागते:
एकशे बारा टाके. मग निळा.