कोरं लाकूड

बोटीवरून सुटीवर आलेल्या पावलूनं
बाटली फोडली देवबागला, मांगरात.
लेबल वाचून दाखवलं:
एकदा पिंपात मुरवली, मग काढून
पुन्हा दुसऱ्या, कोऱ्या ओकच्या पिंपात.

इनास मेस्तानं घोट लगेच गिळला नाही.
गालात धरला,
पूर्वी खिळे धरायचा तसा,
आणि तेवढाच वेळ गप्प.

मग म्हणाला,
'दोनदा जळक्या लाकडात निजली ही.
पयलां लाकूड आता गप.
ह्यां दुसरां अजून बोलता.'

'व्हॅनिला लिवलंहा,' पावलू म्हणाला, 'कॅरॅमल.'
'खुळो! रंधो मारल्यार पयली ढलपी पडता,
तेचो वास तो.'

बाहेर वाळूत फायबरच्या होड्या,
निळ्या, पांढऱ्या,
कशाचाच वास नसलेल्या.
आढ्याला अकरा वर्षं टांगलेली
फणसाची एक फळी.
गिऱ्हाइकाची वाटही बघत नाही,
नुसती आहे.

दुसरा पेला त्यानं भरून घेतला,
प्यायला नाही.
स्टुलावर चढला.
करवतीनं कापलेल्या तिच्या टोकाला
ओलं बोट लावलं
आणि कान देऊन
उभा राहिला.